तटस्थ मत

अपिलं यंत्रासमोर चालू लागल्यापासून अ‍ॅडव्होकेट शर्वाणी सबनीसच्या सदराला भलतंच वजन आलं होतं. न्यायालयीन निकालांवर छापून आलेलं प्रत्येक जाणकार मत ते यंत्र वाचायचं आणि मगच अपिलाचा निकाल द्यायचं.

खाडीत शिंपले वेचणाऱ्या बायकांनी बंदर कंपनीविरुद्धचा खाडीवरच्या हक्काचा खटला जिल्हा न्यायालयात जिंकला, तेव्हा शर्वाणीला मनापासून आनंद झाला. तरी तिने सदरात लिहिलं, ‘निकाल न्याय्य आहे, पण त्याचा कायदेशीर पाया कच्चा आहे.’ कंपनीच्या अपिलात तो पक्का होईल, अशी तिची आशा होती. यंत्राने तिच्याच वाक्याचा आधार घेऊन निकाल फिरवला.

तिला राहवेना. ती खाडीवर गेली. तिथे कंपनीचं कुंपण उभंही राहिलं होतं. बायकांची पुढारी इंदू कुबल हिच्यापुढे तिने हात जोडले.

“माझं चुकलं, इंदूताई. मला माफ करा.”

“बाय, तुमी आमच्याच बाजूच्या होतास मा?”

“होते. अजूनही आहे.”

“मगे आता तसा लिवा. अजून एक अपील आसा.”

शर्वाणीने जीव ओतून लिहिलं. इतका बिनतोड लेख तिच्या हातून पूर्वी कधी उतरला नव्हता.

शेवटच्या निकालात यंत्राने त्याची दखल घेतली होती: ‘कुंपणावरच्या कॅमेऱ्यात लेखिका पक्षकाराची माफी मागताना दिसते. सबब हे मत तटस्थ नाही. तिचे पहिले मत मात्र ग्राह्य आहे.’