फितुराचा ढीग

"ह्याला दगड म्हणतात होय? ही तर खडी झाली! मोठा उचला!" किल्लेदारीणबाई ओरडल्या आणि सहलीचा घोळका खिदळला.

ढीग पुरुषभर उंच होता, ढासळलेल्या तटाच्याच दगडांचा. त्याखाली फितूर गाडलाय, असं त्या प्रत्येकाला सांगत.

"बाहेरच्यांची काय टाप होती? ह्यानं मागच्या दरवाजाची कडी आतून काढली. चार पैशांसाठी! आणि माणूस तरी कसा? मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. मारा!"

तिकिटाच्या खिडकीतून त्यांची नणंद साथ देई, "जोरात! त्याला लागलं पाहिजे!"

घोळका पांगला, तरी पुरातत्त्व खात्याची तरुण अधिकारी मागे उभीच होती.

"मावशी, गोष्ट झकास आहे. पण खोटी. टाक्यातलं पाणी संपलं म्हणून किल्ला पडला. फितुरी झालीच नव्हती. सोमवारी माणसं येऊन हा ढीग उपसतील. खाली कुणी आहे की नाही, तेही कळेल."

किल्लेदारीणबाईंच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजायचा थांबला.

"उपसा की," त्या म्हणाल्या. "घाटावरच्या किल्ल्याचं हॉटेल झालं. नदीकाठचा धरणात गेला. तिसऱ्याचा आधी तुरुंग झाला, मग गोदाम. हा एकटा तगला तो ह्या ढिगापायी. तट बघायला कोण येतंय, बाई? लोक दगड मारायला येतात."

"तट उरलाय कुठे? तुमच्या मिस्टरांनीच विकला ना रस्त्याच्या ठेकेदाराला? पहारेकरी असताना? आणि पळाले." अधिकारी बोलून गेली आणि वरमली. "सॉरी."

"सॉरी कशाला? गावाला ठाऊक आहे. त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली, तेवढाच संसाराचा फायदा."

"माझे लग्नाचे दागिनेसुद्धा सोडले नाहीत," नणंद खिडकीतून म्हणाली. "सख्खा भाऊ!"

किल्लेदारीणबाईंनी वाकून एक चांगला टोकदार दगड निवडला आणि अधिकारी तरुणीच्या हातात ठेवला.

"एक मारा. मग खुशाल उपसा."

"मी? मावशी, मी सरकारी माणूस."

"मग तर तुम्हाला दोन माफ. कुणाला तरी मनात धरा. प्रत्येकाला असतो एक."

अधिकारी हसली. पहिला दगड तिनं नुसता टाकला, फुलं वाहावीत तसा. दुसरा जरा फेकला. तिसऱ्याला फाईल जमिनीवर ठेवली, बाह्या वर सारल्या. चौथ्याला दोन्ही हात लागले. केस सुटले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मग ती पायरीवर मटकन बसली. नणंदेनं आणलेलं पाणी घटाघट प्यायली.

"आमचे साहेब," ती धापा टाकत म्हणाली. "माझा अख्खा अहवाल स्वतःच्या नावानं छापला. वर भाषणात म्हणाले, पोरीनं टायपिंग छान केलं."

"मेल्याला अजून एक घाला," किल्लेदारीणबाई मायेनं म्हणाल्या.

तिनं घातला. मग फाईल उचलून कागदावर काट मारली.

"राहू दे ढीग. लोकपरंपरा म्हणून नोंद करते. भोवती कुंपण घालू, बाहेरूनच दगड मारायचे. कुणी कधी हलवणार नाही. पण पाटी लावावी लागेल. नाव काय त्या फितुराचं?"

"मी नाही ते नाव घेत. कधीच घेतलं नाही."

"इतका राग? एवढी शतकं लोटली, मावशी!"

"राग काय नासतो होय?"

जीप खाली उतरेपर्यंत दोघी हात हलवत उभ्या होत्या. धुरळा बसला, तशी किल्लेदारीणबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. नणंदेनं ढिगावर रोजचा आपला दगड घातला आणि हात झटकत शेजारी येऊन बसली.

"वहिनी," ती म्हणाली, "आता पाटीवर घालायचंय. एकदा तरी घे की दादाचं नाव."