हणमंतचं नाव

पडद्यावर करडी जाळी पसरली आणि तिच्या मधोमध एक काळी फुली उमटली. वीरधवलनं माऊस हलवला. फुली हलली. सकाळपासून तो खुर्चीतून उठला नव्हता. आता कुठं त्याच्या तोंडावर हसू आलं.

"अंकिता, इकडं ये. उभं राहिलं बघ एकदाचं!"

उंब्रजच्या एसटी स्टँडमागं दोघा नवरा-बायकोचं छपाईचं लहानसं दुकान होतं. ती टाइप करायची, तो मांडणी करून छापायचा. व्हायरसनं कॉम्प्युटर दोनदा झोपवल्यावर त्याचं डोकं फिरलं होतं. विंडोजची ती चोरटी सीडी त्यानं रागानं मोडून टाकली. मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी घातली. डिस्क सगळी पुसू का, असं मशीननं विचारल्यावर बेधडक हो म्हणून टाकलं.

आणि हे लिनक्स चाललं होतं. एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, कुठं अडकलं नाही. सांगलीला डिप्लोमा करताना कॉलेजातल्या मोठ्या मशीनवर त्यानं असलं काहीतरी लांबून पाहिलं होतं. ते आज त्याच्या टेबलावर होतं, आणि फुकट.

अंकितानं पदराला हात पुसत पडद्याकडं बघितलं.

"चांगलंय. पण ह्यात मराठी कुठाय?"

"फॉन्ट टाकू की."

"आपलं मराठीचं सॉफ्टवेअर चालतंय ह्याच्यावर?"

हा प्रश्न त्याला सकाळीच पडायला हवा होता.

तेवढ्यात दारात जीप थांबली. खाली उतरले ते वरल्या अंगाच्या गावचे सरपंच आप्पासो. त्यांच्यामागनं एक म्हातारा आला, धोतर नेसलेला, डोक्याला काहीच नसलेला.

"मालक, एक कागद छापून द्या. मोठ्या अक्षरात, लांबनं दिसंल असा," आप्पासो उभ्याउभ्याच म्हणाले. "हे आमचं ज्ञानूतात्या. ह्यांचा हणमंत सीमेवर पडला. मिल्ट्रीची गाडी त्येला घिऊन सातारा सोडून निघालिया. जीपच्या म्होरं त्येचं नाव लावायचंय."

वीरधवल उठून उभा राहिला. मग जे होतं तेच त्यानं सांगितलं.

"मशीन आज सकाळीच बदललं, आप्पा. ह्याच्यात मराठी येत नाही."

"येत न्हाई म्हंजी? परवा लग्नपत्रिका नेल्या की तुमच्याकडनं!"

"तेव्हा येत होतं."

"म्हंजी काल आलो असतो तर झालं असतं?"

"झालं असतं."

आप्पासोंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. कराडला जाऊन यायला वेळ नव्हता, हे सगळ्यांनाच कळत होतं. अंकिता पुढं झाली.

"मी हातानं लिहिते. ठळक लिहिते. माझं अक्षर चांगलंय, तात्या."

म्हातारा पहिल्यांदाच बोलला.

"नगं, बाई. मागल्या महिन्यात शेजारच्या गावात असंच पोरगं आलं, तवा त्येचं नाव छापल्यालं हुतं. माज्याबी पोराचं छापल्यालंच पायजे." मग त्यानं वीरधवलकडं मान वळवली. "विंग्रजी येतंय का ह्याला?"

"येतं."

"मग विंग्रजीत लिवा. तारबी विंग्रजीतच आलती. आमाला कळली की."

लेझर प्रिंटरची ह्या नव्या सिस्टिमशी ओळखच पटेना. कोपऱ्यात दूध डेअरीची बिलं काढायचा जुना प्रिंटर होता, सलग कागदाचा. तो मात्र जागा झाला. दिलेलं नाव थोराड अक्षरांत छापणारा एक हुकूम, म्हणजे कमांड, ह्यात असतो, एवढं वीरधवलनं मासिकात वाचलं होतं. त्यानं नाव टाइप केलं. एक अक्षर चुकलं. त्यानं ते पुसून पुन्हा टाइप केलं, तर दुसरं चुकलं. तिसऱ्या खेपेला अंकितानं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः टाइप केलं.

प्रिंटर करकरायला लागला. बारीक फुल्याफुल्यांनी भरलेलं वीतभर रुंद एकेक अक्षर आडवं होऊन कागदावर उतरायला लागलं. ज्ञानूतात्या प्रिंटरपाशी जाऊन उभा राहिला. कागद खाली लोंबायला लागला, तसे त्यानं दोन्ही तळवे पुढं केले आणि तो जमिनीला टेकू दिला नाही. नाव संपेपर्यंत तो तसाच वाकून उभा होता.

वीरधवलनं कागद फाडून मोकळा केला. आप्पासो लगबगीनं जीपकडं गेले. त्यांनी गाडी चालू केली.

"तात्या, चला. हायवेला गाडी आली आसंल."

म्हातारा दारापर्यंत गेला आणि थांबला. दोन्ही हात ताणून त्यानं उजेडात कागद उभा धरला. मग आडवा धरला. मग फिरवून पुन्हा आडवा धरला, आणि त्या फुल्यांवरनं अंगठा फिरवत मागं वळला.

"मालक," तो म्हणाला, "ह्येची वरची बाजू कंची?"