तपासणीआधीची फेरी

सत्त्याण्णव साली दशरथ आखातात तुबली गावातल्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. बायको इंदू व्हिजिट व्हिसावर आली, पण त्याच्या खोलीत आणखी चौघं राहत, म्हणून ती बहिणीकडे उतरली होती.

दुरुस्त केलेली अमेरिकन गाडी धुराच्या तपासणीआधी बरीच चालवावी लागे; तेव्हाच तिच्यातला कॉम्प्युटर इंजिनाच्या सगळ्या नोंदी पुन्हा भरून घेई. या वेळी त्याने इंदूला शेजारी बसवलं. सखीरच्या वाळवंटापर्यंत दोघं दोन वर्षांचं साठलेलं बोलत राहिली. परतल्यावर त्याने मशीन लावून त्या नोंदी पाहिल्या. गाडी तपासणीला तयार होती.

"आता परत कधी हो?" इंदूने विचारलं. "परवा माझं विमान आहे."

दशरथने बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली. तेवढ्याने गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरतो.

"उद्या पुन्हा चालवावी लागणार," तो म्हणाला.