टाक्यांवरची ताडपत्री

दहा वाजून गेले तरी कावळा पिंडाला शिवेना.

पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या झाल्या, माईकवाल्यानं वायरी गुंडाळल्या, टाकवे गावची निम्मी माणसं गाड्यांना किक मारून कंपनीत गेलीसुद्धा. कावळे होते की! चांगले पाच-सहा होते, नदीकाठच्या करंजावर. खाली बघायचे, मान वाकडी करायचे आणि तिथंच बसायचे. मेल्यांना नेमका आजच उपास आठवला होता.

निलेश ओल्या धोतरानं हात जोडून उभा होता. मोठ्या भावाला, अतुलला, मुलगा नव्हता, म्हणून डोकं यानं भादरलं होतं. अतुलच्या मोटरसायकलला हायवेवर ट्रकनं उडवलं, त्याला आज दहावा दिवस.

"बोला रं कुनीतरी," त्यांची आई नंदाबाई रडत म्हणाली. "माजं लेकरू अडकून पडलंय."

लोक बोलले. भावकीतले कोंडाजी आबा म्हणाले, "अतुल, पोरीच्या शिक्षणाची काळजी करू नको." कावळा हलला नाही. मामा म्हणाले, "कोमलला आमी अंतर देनार न्हाई." अतुलची बायको कोमल बायकांत खाली मान घालून बसली होती. कावळ्यानं चोच फांदीला पुसली. भटजींनी घड्याळ बघितलं.

"दर्भाचा कावळा करू का? मला पुढं कान्ह्याला जायचंय."

"न्हाई!" नंदाबाई ओरडली. "गवताचा कावळा न्हाई चालायचा मला. त्याचा जीव त्या माशांत अडकलाय. रातपाळी करून आला की आदी टाकीपाशी जायचा, मग च्या. निल्या, तू बोल. मासं सांबाळतो म्हन."

निलेशनं जोडलेले हात सोडले.

गोठ्यामागं अतुलनं सिमेंटच्या तीन टाक्या बांधल्या होत्या. घरच्या घरी गोल्डफिशची पिल्लं काढायचा. मादी अंड्यावर आली की नायलॉनच्या दोऱ्यांचे झुपके पाण्यात सोडायचे, अंडी चिकटली की झुपके लगेच दुसऱ्या टाकीत, नाहीतर आईबापच अंडी खातात. मासे दाटीनं होते, म्हणून पाण्यात हवा सोडणारी मोटार सारखी चालू ठेवावी लागायची. अतुलला अंगणात आणून ठेवलं, बायकांनी हंबरडा फोडला, आणि मागून ती मोटार आपली घर्र घर्र. निलेशला ते सहन झालं नाही. भाऊ असा निजलेला आणि मोटार चालू, शोभतं का? त्यानं जाऊन बटण बंद केलं. पुन्हा लावायचं ध्यानातच राहिलं नाही.

सावडायच्या दिवशी वास आला तेव्हा तो धावत गेला. तिन्ही टाक्यांवर नारिंगी मासे उलटे तरंगत होते. झुपक्यांवरच्या अंड्यांना बुरशी आली होती. त्यानं एकट्यानं घमेल्याघमेल्यानं सगळं उकिरड्यात पुरलं आणि टाक्यांवर ताडपत्री ओढली. ताडपत्री कशाला, असं आईनं विचारलं, तर म्हणाला, मांजर येतं.

"बोल की रं! वाचा गेली का तुजी?"

निलेशनं डोळे मिटले.

"दादा," तो मोठ्यानं म्हणाला. "मासं झ्याक हायत. मोटार चालू हाय. दोन टायमाला खायला घालतोय मी. ती लांब शेपटाची मादीबी अंड्यावर आलीया. तू निवांत जा."

पंख फडफडले. एक कावळा उतरला, त्यानं पिंडावर चोच मारली, आणि त्याच्यामागं बाकीचे सगळे.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. नंदाबाईनं जमिनीला डोकं टेकलं. आबांनी निलेशच्या पाठीवर हात ठेवला. "भावाचं मन भावालाच ठावं, बाबा."

निलेशला वाटलं, कुणीतरी आपल्याला हितंच जोड्यानं मारावं. जिवंत होता तेव्हाही दादानं त्याची प्रत्येक थाप अशीच खरी मानली होती.

कोमल टॉवेल घेऊन आली. टॉवेल देताना ती हळूच म्हणाली, "भावजी, मी परवा ताडपत्री उचलून बघितली."

त्यानं टॉवेल तोंडाला लावला.

"त्या दिवशी मोटार बंद झाली ती मला ऐकू आलती. मी घरातच व्हते." ती आणखी हळू म्हणाली. "मला वाटलं, बरं झालं बाई. डोकं तरी शांत झालं."

तेवढ्यात भटजींनी उरलेला भात निलेशच्या हातात दिला, नदीत सोडायला. तो गुडघाभर पाण्यात गेला. बारके मासे लगेच जमले आणि त्याच्या बोटांमधली शितं ओढायला लागले. त्यानं हात झटकन वर घेतला.

"निल्या!" काठावरून नंदाबाईनं हाक मारली. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा कळा आली होती. "आज मासं मी चारनार, माज्या हातानं. त्यो सुखानं गेला, म्हनून सांगते त्यांला. तू फकस्त ती ताडपत्री काढून दे."

आणि डोक्यावरचा पदर सारखा करून ती सगळ्यांच्या पुढं, भराभर घराकडं चालायला लागली.