चारशे सतरा नंबरची काच

"घोडके, घाबरू नका. हवा तो नंबर टाका," संचालक नगरकरबाई भरल्या सभागृहात म्हणाल्या. वेधशाळेने सत्तर वर्षं काचांवर टिपलेलं आकाश आजपासून इंटरनेटवर सगळ्यांना खुलं होणार होतं. शेंबड्या पोरालाही वापरता आलं पाहिजे, हा बाईंचा हट्ट. म्हणून पहिला मान निवृत्त घोडक्यांना. अंधाऱ्या खोलीत त्या काचा धुण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण कॉम्प्युटरला हात आजच लागत होता.

घोडक्यांनी एका बोटाने नंबर टाकला. ४१७.

बाईंचं हसू ओठांवरच विरलं. पस्तीस वर्षांपूर्वी त्याच काचेवर एक धुरकट डाग निघाला होता. "साधी काच धुता येत नाही?" म्हणत त्यांनी घोडक्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं, वरिष्ठांना सांगून लेखी ताकीदही द्यायला लावली होती.

पडद्यावर काच उमटली. कडेला बाईंचंच अक्षर : 'घाण. दुर्लक्ष करावे.' शेजारी आपोआप उघडली त्याच आकाशाची दुसऱ्या रात्रीची काच. तेव्हा या दोन काचा शेजारी ठेवून बघायची तसदी कुणीच घेतली नव्हती.

डाग तिच्यावरही होता. थोडा पुढे सरकलेला.

"अरे, हा तर धूमकेतू!" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह उठून उभं राहिलं. बाई कडेचं आपलंच अक्षर पुन्हा वाचू लागल्या.

घोडके पडद्याकडे बघतच नव्हते. ते बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "काच स्वच्छच होती, बाई."