पळीभर रस्सा

"नोएमी, ये गं. जरा चाखून बघ."

नोएमीने बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. उद्या सकाळच्या बसने ती मेक्सिको शहराला निघणार होती, शाळेतल्या नोकरीवर, आणि आईची हाक काही थांबत नव्हती.

"आई, माझं आवरायचंय!"

"पळीभर तर चाखायचंय. घेवडा मऊ झालाय, मीठ पडायचंय."

नोएमी जागची हलली नाही. लहानपणी मडक्यात बोट घातलं तर आई हातावर फटका द्यायची. आपल्या हातच्या घेवड्यात कुणाची लुडबुड तिला खपत नसे. पण नोएमी मोठी झाली आणि आईने हे नवंच काढलं. घेवडा चुलीवर चढला की हाक. घेवड्यात घालायच्या पाल्याची डहाळी खुडून आणली की थेट नोएमीच्या नाकाशी धरायची, वास बघ म्हणायची. नोएमी कुणाकडे बसली असली तरी बोलावणं यायचं. शेजारणी हसायच्या, "कास्तुलाने पोरीला दाव्याला बांधलीय." हे दावं आज तोडायचं, असं नोएमीने मनाशी ठरवलं होतं.

"उद्यापासून कुणाला बोलावणार आहेस?" तिने आतूनच विचारलं.

स्वयंपाकघरातून मडक्यावर झाकलेला पाण्याचा परळ उचलल्याचा आवाज आला. त्यातलं तापलेलं पाणी आई घेवड्यात ओतत असावी. गार पाणी ती कधीच घालत नसे, आणि मडकं चुलीवर असताना त्याच्यापासून हलतही नसे.

जेवायला दोघीच होत्या. नोएमीने पहिला घास घेतला आणि पळभर थांबली. घेवडा ठार अळणी होता. मिठाचा कणही नव्हता. तिने आईकडे पाहिलं. आई मक्याच्या भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून शांतपणे जेवत होती. मिठाची वाटी तिच्या कोपराशीच होती. तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

धडा शिकवतेय मला, नोएमीच्या मनात आलं.

"कसं झालंय?" आईने विचारलं.

"तुझ्या तोंडाला चव नाही का? तूच सांग की!"

आईचा घास हातातच राहिला. मग तिने तो तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाली, "खा. उद्या लवकर उठायचंय."

सकाळी बस चौकात भोंगा वाजवून निघून गेली. नोएमी आईच्या खाटेशी बसून होती. आई रात्री झोपेतच गेली होती.

आईसाठीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सगळी आळी जेवायला येणार होती. नोएमीने आईच्याच मडक्यात घेवडा चढवला. तोमासा मावशी पाटावर कांदा चिरत बसली होती. शेवटी नोएमीला राहवलं नाही.

"शेवटचं जेवण तिने मला अळणी वाढलं, मावशी. मुद्दाम. आणि स्वतः चवीने जेवली."

मावशीची सुरी थांबली.

"चवीने? अगं, मागे ती तापाने अंथरुणाला खिळली होती ना, तेव्हापासून तिच्या तोंडाला चवच उरली नव्हती. वाससुद्धा गेला होता. करपलेलं कळायचं नाही म्हणून चुलीला चिकटून बसायची बिचारी. मीठ घातलं की नाही, तेही विसरली तर चाखून कळायचं नाही."

नोएमीला चुलीची धग एकदम अंगावर आल्यासारखी वाटली.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू नोकरीचा अर्ज तरी केला असतास? माझ्याकडून मेरीमातेसमोर शपथ घेतली होती तिने. आता तीच नाही, तर शपथ कुणासाठी पाळू?" मावशीने मनगटाने डोळे पुसले. "हा कांदा मेला फारच झोंबतो."

नोएमीने परळ बाजूला ठेवला. दाणा बोटांत दाबून पाहिला. मऊ झाला होता. तिने मीठ घातलं, ढवळलं, पळीभर रस्सा घेतला आणि फुंकर घातली. आई दर वेळी एकच विचारायची, कसं झालंय? आणि नोएमी दर वेळी उंबऱ्यातच चाखून सांगायची, अजून चिमूटभर टाक. किंवा, पुरे. तेवढं सांगून निघून जायची. आपल्या हातचा घेवडा कसा झालाय, हे कळायला आईजवळ दुसरा मार्गच नव्हता.

तिने रस्सा चाखला. चुलीजवळच्या आईच्या रिकाम्या पाटाकडे वळली.

"छान झालंय, आई," ती मोठ्याने म्हणाली. "तुझ्या हातचं नेहमीच फार छान व्हायचं गं."