पुढचं वाक्य

नाटकवाल्यांनी स्वतःच भरवलेला तो महोत्सव मेलबर्नमधल्या एका जुन्या गोदामात होता. दारात तिकिटं फाडायला चारुताच आणि थोड्या वेळाने रंगमंचावरही तीच, एकटी. पुण्याहून आलेले तिचे बाबा, दत्तप्रसाद, पहिल्या रांगेत जावयाशेजारी बसले होते. हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुठलाही नट अडखळला की त्यांचे ओठ आपोआप हलायला लागत.

चारुता मराठीत बोलत होती, मागच्या पडद्यावर त्याचं इंग्रजी उमटत होतं. "आई आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती आणि मला फोन आला तो ती गेल्यावर. बाबा, आधी का नाही कळवलंत?"

एवढं बोलून ती थांबली, ती थांबलीच. दत्तप्रसाद जावयाच्या कानाशी लागले, "सलिल, वाक्य विसरली रे ती. स्क्रिप्ट कुठंय?"

"विसरली नाहीये, बाबा. ती रोज इथेच थांबते. पुढचं तिला माहीतच नाही."

दत्तप्रसादांनी वर पाहिलं. चारुता त्यांच्याचकडे बघत होती. मागचा पडदा कोरा होता.

विंगेतून द्यावा तसा दबका आवाज त्यांनी दिला, पण गोदामात इतकी शांतता होती की तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"आईनेच शपथ घातली होती, चारू. म्हणाली, तिचा तिथला पहिला प्रयोग आहे. तो होऊ दे, मग सांगा."